पॅकर्स येण्याआधी काय करून ठेवायचं: मुंबईत पहिल्यांदा घर हलवणाऱ्यांसाठी

पॅकर्सची पोरं एकदा घरात शिरली की समोर दिसेल ते गुंडाळतात. कचऱ्याचा डबा आतल्या कचऱ्यासकट गुंडाळला जातो. खिडकीत राहिलेला कप तळाशी घोटभर चहा असताना खोक्यात जातो. नव्या घराच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या असतील तर त्याही जातात. त्यांचं काही चुकत नाही. चार-पाच जणांना अख्खं घर खोक्यांत घालून, टेम्पो भरून, संध्याकाळच्या आत दुसऱ्या उपनगरात उतरवायचं असतं. अमुक वस्तू न्यायची की टाकायची हे ठरवायला त्यांना वेळ नसतो, आणि ते त्यांनी ठरवूही नये.

बांधणं, उचलणं, उतरवणं हे त्यांचं काम. काय जाणार, काय इथेच सुटणार, काय आपल्या हातात राहणार आणि तिकडे कोणत्या खोलीत काय पडणार, हे ठरवणं आपलं. आणि ते त्यांनी बेल वाजवायच्या आत झालेलं हवं. पैसे मोजले म्हणजे आपण मोकळे, असं समजून बसलेल्या घरात त्या सकाळी जी धांदल उडते ती शेजारी गॅलरीत उभे राहून बघतात.

तारीख ठरवण्याआधी दोन्ही सोसायट्यांना विचारा

मुंबईत घर हलवायची तारीख पंचांगाइतकीच सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ठरते. बऱ्याच सोसायट्यांत रविवारी आणि सणाला सामान हलवायला बंदी असते. कुठे दुपारी दोन ते चार ठोकाठोकी चालत नाही, कुठे संध्याकाळी सहानंतर लिफ्टमधून एक खुर्चीसुद्धा नेऊ देत नाहीत. टॉवर असेल तर सर्व्हिस लिफ्ट आधी बुक करावी लागते, लिफ्टच्या भिंती खराब होतील म्हणून डिपॉझिट मागतात, आणि शिफ्टिंग चार्जेस म्हणून वेगळी रक्कम असते ती असतेच. हे सगळं सेक्रेटरी किंवा मॅनेजरकडून लेखी घ्या; व्हॉट्सअॅपवरचा मेसेजही चालेल. गेटवरच्या वॉचमनला तोंडी आश्वासन चालत नाही. त्याला अॅपवर नोंद किंवा हातात कागद लागतो.

सोडून जाताना मेंटेनन्स भरल्याचं पत्र आणि गेटपास. नव्या ठिकाणी भाड्याने जात असाल तर नोंदणी झालेल्या लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत, पोलिसांकडे केलेल्या भाडेकरू पडताळणीची पोच, सोसायटीचा भरलेला फॉर्म. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे हा करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. पण टेम्पो गेटबाहेर उभा राहिला तर घाम आपल्याला फुटतो, म्हणून मालकाच्या मागे आठवडाभर आधीपासून लागा.

दोन्हीकडच्या वेळा एका कागदावर लिहून पाहा. जुन्या इमारतीत दहाच्या आधी सुरुवात नाही आणि नव्या इमारतीत चारनंतर प्रवेश नाही, असं असेल तर दोन खोल्यांचं घर एका दिवसात बसत नाही. मग बांधाबांध आदल्या दिवशी आणि वाहतूक दुसऱ्या दिवशी, असं पॅकर्सशी आधीच बोलावं लागतं. मधल्या रात्री गादी तेवढी उघडी ठेवतात. मुंबईत अवजड गाड्यांना सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी अनेक रस्त्यांवर बंदी असते, तेही हिशेबात घ्या. घोडबंदर रोडला किंवा त्यापलीकडे जायचं असेल तर गुगल मॅप दाखवतो त्या वेळेत वर दीड-दोन तास धरा.

महिन्याची अखेर आणि पहिली तारीख पॅकर्ससाठी सर्वात गर्दीची, कारण करार तेव्हा संपतात. मे महिना त्याहून वाईट. शाळा सुरू व्हायच्या आत सगळ्यांना नव्या घरी जायचं असतं. उलट पितृपक्षात आपली माणसं घर बदलत नाहीत, त्यामुळे पोरं मोकळी असतात आणि दरही खाली येतो. ज्यांना त्याचं वावडं नाही त्यांनी तो पंधरवडा जरूर विचारात घ्यावा. ज्यांना आहे त्यांनी मुहूर्तावर देव आणि कलश नेऊन ठेवावा आणि सामान सोयीने न्यावं. हा मध्यममार्ग आपल्याकडच्या बहुतेक आज्यांना मान्य असतो. गणपतीचे दिवस मात्र टाळाच, निदान लालबाग-परळ-गिरगावच्या बाजूला तरी. आणि जून ते सप्टेंबरमधली तारीख असेल तर बंद बॉडीचा टेम्पो मागा. ताडपत्री बांधलेल्या उघड्या टेम्पोतली गादी पावसात वाचली तर नशीब समजायचं. अंधेरी सबवेसारखा पाणी भरणारा रस्ता मध्ये येत असेल तर दुसरा मार्ग ड्रायव्हरशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा.

माणूस पाहायला येऊ द्या, आणि माळा दाखवा

फोनवर ‘वन बीएचके आहे’ एवढं सांगून मिळालेला दर हा दर नव्हे. एका वन बीएचकेत दोन बॅगा आणि एक गादी असते, दुसऱ्यात तीन पिढ्यांची भांडी. कंपनीचा माणूस घरी येऊन बघून जाऊ दे, नाहीतर व्हिडिओ कॉलवर फिरवून दाखवा. दाखवताना कपाटं उघडा, बेडखालचे कप्पे उघडा, बाल्कनीतल्या कुंड्या दाखवा, आणि माळ्यावर टॉर्च मारा. लोक माळा दाखवायला लाजतात. मग त्या दिवशी माळ्यावरून आठ खोकी भरतील एवढं निघतं, टेम्पो अपुरा पडतो आणि दुसऱ्या खेपेचे पैसे द्यावे लागतात.

गाडीचा आकार विचारा. छोटा हत्ती एका खोलीच्या संसाराला पुरतो. भरलेल्या वन बीएचकेला त्याहून मोठी गाडी लागते आणि टू बीएचकेला चौदा किंवा सतरा फुटी. गाडी मोठी असेल तर ती दोन्हीकडच्या गल्लीत शिरते का, गेटच्या कमानीखालून किंवा पोडियमच्या उतारावरून जाते का, हे आपणच बघून सांगायचं. गाडी शंभर मीटरवर उभी राहिली तर तिथून लिफ्टपर्यंत हातगाडीने सामान वाहण्याचे वेगळे पैसे लावतात. लिफ्ट नसेल तर मजल्यागणिक.

चाळीतून किंवा जुन्या चारमजली इमारतीतून निघत असाल तर जिन्याच्या वळणाचं माप घ्या. लोखंडी कपाट तिथे फिरत नाही. ते चाळीस वर्षांपूर्वी दोर लावून गॅलरीतून वर घेतलेलं असतं, आणि घरात तेव्हाचं आठवणारं कोणी उरलेलं नसतं. पॅकर्सना हे आधी कळलं तर ते दोर आणि जास्तीचा माणूस घेऊन येतात. त्या दिवशी कळलं तर कपाट दारातच आडवं राहतं.

लेखी अंदाजपत्रकात या गोष्टी आल्याच पाहिजेत: सामानाची यादी, गाडीचा आकार, माणसं किती, खोकी-बबल रॅप धरून की वेगळं, पलंग-कपाट सोडवणं आणि परत जोडणं धरून की नाही, एसी काढणं-लावणं कोण करणार, तिकडे खोकी उघडून देणार की दारात ठेवून जाणार, जीएसटी आणि टोल कोणाकडे. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल माफ आहे, पण मोठे ट्रक त्या माफीत नाहीत. ठाणे, नवी मुंबई किंवा वसई-विरारकडे जाणाऱ्यांनी हे आधीच स्पष्ट करून घ्यावं. मुंबईबाहेर जाणाऱ्यांकडून कधीकधी ई-वे बिलाच्या (जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी काढायच्या ऑनलाइन कागदाच्या) नावाखाली पैसे मागतात. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. सामानाची यादी आणि बिल्टीची, म्हणजे वाहतूकदाराने दिलेल्या माल-पावतीची, प्रत मात्र गाडीत हवी.

या धंद्यात फसवणूक एकाच ठरलेल्या पद्धतीने होते. नावाजलेल्या कंपनीसारखंच नाव, सगळ्यांपेक्षा कमी दर, आणि गाडी भरून झाली की ‘सामान जास्त निघालं’ म्हणून दुप्पट पैसे. सामान त्यांच्या गाडीत असतं, त्यामुळे भांडायला आपल्या हातात काही उरत नाही. म्हणून बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून पाहा, ज्या खात्यात पैसे मागतात त्याचं नाव कंपनीचंच आहे का ते बघा, आगाऊ रक्कम थोडीच द्या आणि मोठा हिस्सा सामान उतरल्यावर. माझं मत विचाराल तर ओळखीच्या सोसायटीत ज्यांनी नुकतंच काम केलं आहे ते पॅकर्स चार पैसे जास्त देऊनही परवडतात. इंटरनेटवरच्या पाच चांदण्यांवर माझा फारसा भरवसा नाही.

विम्याचंही आत्ताच विचारा. ‘इन्शुरन्स आहे’ हे सगळेच म्हणतात. पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची, कोणत्या वस्तूची किती किंमत लिहिली आहे आणि आपण स्वतः बांधलेल्या खोक्याला ती लागू आहे का, हे विचारलं की उत्तर गुळमुळीत होतं. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यानुसार मालाची किंमत लिहून देऊन जास्तीचा दर भरला नसेल तर वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी मर्यादित राहते. तेव्हा टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्यापुढे किंमत लिहून घ्या आणि प्रत्येकाचे चारही बाजूंनी फोटो काढा. जुने ओरखडे फोटोत दिसले पाहिजेत आणि मागचा सीरियल नंबरही.

नको ते आधी घराबाहेर

हे काम दोन आठवडे आधी सुरू करा आणि पुस्तकांच्या कपाटापासून करू नका. तिथे माणूस वाचत बसतो. माळ्यापासून करा. मिक्सरचं रिकामं खोकं, बंद पडलेला टेबलफॅन, मुलाच्या बालवाडीची सायकल, लग्नात आलेले आणि कधीच न उघडलेले डिनरसेट. प्रत्येक वस्तू पॅकर्स बबल रॅपमध्ये तितक्याच मायेने गुंडाळणार आणि तिचे आपण पैसे देणार. नव्या घराला बहुधा माळाच नसतो, हेही लक्षात असू द्या. नव्या टॉवरमध्ये जागा चौरस फुटात मोजून दिलेली असते.

रद्दी, भंगार, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, कामवाल्या मावशी, गावाकडे जाणारा कोणी. प्रत्येकासाठी एक कोपरा करा आणि तो कोपरा दोन दिवसांत रिकामा करा. सोसायटीच्या ग्रुपवर ‘हवं असेल त्याने घेऊन जावं’ असा फोटो टाकला तर संध्याकाळपर्यंत बरंच हलतं. पॅकर्स येतील त्या सकाळी ‘द्यायचं’ असं काहीही घरात असता कामा नये, कारण तेही बांधलं जाईल.

पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं आहे. तुम्हाला दोनदा हलायचं आहे, आता भाड्याच्या घरात आणि काही वर्षांनी परत. शिफ्टिंगचा खर्च बिल्डर एका खेपेचा देणार की दोन्ही खेपांचा, हे करारात बघा. प्लायवूडचं कपाट पुन्हा पुन्हा खोलून जोडलं की स्क्रू धरत नाही. तेव्हा ते सोबत न्यायचं की इथेच सोडायचं, यावर घरात एकदा नीट बोलून घ्या. जुन्या सागवानी पलंगाला मात्र हात लावू देऊ नका.

स्वयंपाकघर

पॅकर्सचा सर्वात जास्त वेळ इथे जातो आणि सर्वात जास्त नुकसानही इथेच होतं. काच फुटल्यामुळे होतं ते कमी. सांडल्यामुळे होतं ते जास्त.

महिनाभर आधीपासून वाणसामान भरणं कमी करा. घरात आहे ते संपवा. शेवटच्या आठवड्यात जेवणात मूगडाळ, चवळी आणि शेवया येत राहिल्या तरी कोणी मरत नाही. उघडी पिठं डब्यात राहिली तर झाकणाला टेप लावून चालत नाही, आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग डब्यात. तेल पाच लिटरच्या कॅनमध्ये अर्धं असेल तर बाटल्यांत ओता आणि त्या बाटल्या उभ्या बादलीत ठेवून आपल्या गाडीतून न्या. लोणच्याच्या बरण्यांचंही तेच. चिनी मातीच्या बरणीचं झाकण घट्ट बसत नाही. वर कापड बांधलं तरी खळखळत खळखळत तेल वर येतं, आणि त्याच खोक्यात पैठणी असेल तर पुढचं मी लिहीत नाही.

फ्रिजमधलं सगळं आदल्या दिवशी सकाळपर्यंत संपलेलं हवं. ओला नारळ, विरजण, सुकट-बोंबलाचा डबा यांची जबाबदारी शेजारच्या काकूंकडे द्या. सुकट बांधून टेम्पोत दिलीत तर तिचा वास आठ दिवस पडद्यांतून जात नाही.

पाटा-वरवंटा, खलबत्ता, लोखंडी तवे आणि पितळेची पातेली एकाच मोठ्या खोक्यात भरू देऊ नका. तळ फुटतो. जड वस्तू लहान खोक्यांत आणि हलक्या मोठ्या खोक्यांत, हा नियम पोरांना माहीत असतो, पण घाई झाली की विसरतात. तेवढं तिथे उभं राहून सांगायचं. पुस्तकांनाही हाच नियम. काचेच्या ताटल्या आडव्या न रचता उभ्या भरायला सांगा, मध्ये कागद घालून. मिक्सरचं भांडं, कुकरची शिट्टी, किसणीचं पातं असे सुटे भाग एका पिशवीत, आणि ती पिशवी त्याच यंत्राच्या खोक्यात. विळी उघडी असेल तर पातं जाड पुठ्ठ्यात बांधून तुम्हीच ठेवा. बांधणाऱ्याचा नाहीतर तिकडे सोडवणाऱ्याचा हात कापला जातो.

गॅस सिलिंडर पॅकर्स नेत नाहीत आणि नेतो म्हणाले तरी देऊ नका. मुंबईतच घर बदलत असाल तर नवा पत्ता कोणत्या एजन्सीच्या हद्दीत येतो ते आधी विचारा. शहर सोडत असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून त्याचा कागद घ्या, तो पुढच्या गावी लागतो. नव्या घरी महानगर गॅसची पाइपलाइन असेल तर तुमची सिलिंडरवरची शेगडी तशीच चालणार नाही. तिचे जेट बदलून घ्यावे लागतात. तोवर एक इंडक्शन शेगडी उधार मिळाली तर बघा.

यंत्रं आणि लाकूडकाम

फ्रिज एक दिवस आधी बंद करून दार उघडं ठेवा, बर्फ वितळू द्या, पुसून कोरडा करा. ओला फ्रिज बंद करून गुंडाळला की तिकडे उघडल्यावर काळी बुरशी दिसते. नेताना तो उभाच जायला हवा. पोहोचल्यावर लगेच चालू करू नका, काही तास जाऊ द्या.

वॉशिंग मशीनमधलं पाणी काढा, नळी सोडवा. फ्रंट लोड असेल तर विकत घेताना मागून काढून दिलेले ट्रान्झिट बोल्ट शोधा. ते परत लावल्याशिवाय मशीन हलवलं तर आतला ड्रम आदळतो. ते सापडत नसतील तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. एसी काढायला तंत्रज्ञच हवा, कारण गॅस बाहेरच्या युनिटमध्ये बंद करून मग पाइप सोडवायचे असतात. तो माणूस पॅकर्सच्या आदल्या दिवशी बोलवा. त्याच दिवशी बोलावलात तर तो दुपारी तीनला येतो. आरओ, गीझर, पंखे, ट्यूब हे तुमचे की मालकाचे, हे मालकाशी आधीच मिटवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत अॅसिड असतं. ती उभी न्यायची आणि तसं पॅकर्सना आधी सांगायचं.

टीव्ही आणि राउटरच्या मागच्या वायरींचा फोटो काढून मगच सोडवा. पलंगाचे आणि टेबलाचे स्क्रू एका पिशवीत भरून ती पिशवी त्याच वस्तूच्या फळीला टेपने चिकटवा. सगळे स्क्रू एका डब्यात घालणारी पोरं मी पाहिली आहेत. रात्री दहाला पलंग जोडताना त्या डब्याचा काही उपयोग होत नाही.

जे टेम्पोत चढणार नाही

दागिने, रोकड, पासपोर्ट, आधार-पॅन, भाडेकरार, शेअर सर्टिफिकेट, डिग्र्या, लॅपटॉप, हार्ड डिस्क, रोजची औषधं, दोन्ही घरांच्या किल्ल्या. हे सगळं एका बॅगेत भरून ती बॅग आदल्या रात्रीच शेजाऱ्यांकडे किंवा गाडीच्या डिकीत. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असलेलेच बरे. ‘कोपऱ्यात ठेवली आहे, तिला हात लावू नका’ असं सांगून भागत नाही, कारण सांगितलं एकाला आणि उचलली जाते दुसऱ्याच्या हातून.

रॉकेल, थिनर, रंगाचे अर्धे डबे, फिनाइल, अॅसिड हे गाडीत घालायचं नाही. कुंड्या बहुतेक कंपन्या घेतात, पण जबाबदारी घेत नाहीत. तुळस तुम्ही हातात न्या. देव्हारा पॅकर्स बांधतील, देव मात्र घरच्यांनी न्यायचे. मूर्ती मऊ कापडात गुंडाळून पितळेच्या डब्यात, सोबत समई, हळद-कुंकू, तांदूळ आणि काडेपेटी. नव्या घरात पाऊल टाकल्यावर यांपैकी एकासाठीही खोकं उघडावं लागू नये.

दुसरी बॅग पहिल्या रात्रीची. तिच्यात चहा-साखर, दुधाची पावडर, एक पातेलं, चार कप, गाळणं, चादरी, टॉवेल, साबण, ब्रश, एक जोडी कपडे, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, एक बल्ब, कात्री, स्क्रू ड्रायव्हर, कुलूप, डास मारायचं यंत्र. केरसुणी आणि सुपली सर्वात शेवटी बाहेर पडते आणि तिकडे सर्वात आधी लागते.

नव्या घराची तयारी

रिकाम्या घरात झुरळांची फवारणी आणि साफसफाई सामान येण्याच्या दोन दिवस आधी उरका. नंतर प्रत्येक खोकं हलवावं लागतं. पॅकर्स वापरलेली खोकी आणत असतील तर ती नीट बघा, ढेकूण आणि झुरळं त्यांतून फुकट प्रवास करतात.

वीज आहे का, कोणाच्या नावावर आहे आणि मागची बाकी आहे का हे बघा. शहरात बेस्ट, बहुतेक उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. दोन्ही घरांच्या मीटरचा त्या दिवशीच्या आकड्यासह फोटो काढा. दारं, लिफ्ट आणि बेडरूमची भिंत टेपने मोजा. सोफा लिफ्टमध्ये मावत नसेल तर तो आजच विकलेला बरा.

आणि एक नकाशा काढा. साध्या कागदावर, हाताने. पलंगाची डोकी कुठे, कपाट कोणत्या भिंतीला, फ्रिज कुठल्या प्लगजवळ. एक प्रत तिकडच्या दारावर चिकटवा. खोक्यांवर ‘किचन’, ‘हॉल’, ‘आईची खोली’ असं देवनागरीत लिहा आणि त्याच अक्षरांचे कागद तिकडच्या खोल्यांच्या दारांवर लावा. काम करणारी पोरं बहुतेक उत्तरेकडची. हिंदी वाचतात, त्यामुळे इंग्रजीपेक्षा देवनागरी त्यांना पटकन कळते. शब्दाखाली नंबरही टाका आणि नंबरांची यादी तुमच्या वहीत. खोकं क्रमांक २३ मध्ये काय, हे वहीत लिहिलेलं असेल तर ‘काहीतरी हरवलं’ असं म्हणत बसावं लागत नाही.

तो दिवस

लहान मुलं, आजी-आजोबा आणि मांजर यांना सकाळीच नातेवाइकांकडे पाठवा. मांजराला तर आदल्या रात्रीच. घरात दोन मोठी माणसं पुरेत: एकाने आत उभं राहून काय बांधलं जातंय ते बघायचं, दुसऱ्याने खाली गाडीजवळ थांबून यादीवर खुणा करायच्या. तिसरा असेल तर त्याला नव्या घरी पाठवा.

एक खोली, किंवा जागा नसेल तर बाथरूम, ‘बंद’ म्हणून ठरवा. पॅकर्सनी हात लावू नये ते सगळं तिथे कोंबा, दाराला कुलूप लावा, किल्ली खिशात ठेवा.

पोरांना प्यायला पाणी, मध्ये चहा, पंखा शेवटपर्यंत चालू, आणि एक शौचालय उघडं ठेवा. मेच्या उकाड्यात चौथ्या मजल्यावरून फ्रिज उतरवणाऱ्याला एक बाटली थंड पाणी दिलं तर फ्रिजही जपून उतरतो. मुकादमाशी एकदाच, सुरुवातीला, स्पष्ट बोलून घ्या. पाचही जणांना पाच वेगळ्या सूचना देऊ नका. चहापाण्याचे पैसे शेवटी, सामान लागल्यावर, आणि सगळ्यांच्या समोर.

गाडी निघण्याआधी रिकाम्या घरातून एक फेरी मारा: माळा, गॅलरी, दारामागचे खिळे, गीझरच्या वर, टेरेसवरची दोरी, मीटर बॉक्सची खोली, सायकल स्टँड. बिल्टी आणि यादी हातात घ्या, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन लिहून घ्या.

उतरल्यावर

पलंग आणि गाद्या आधी जोडून घ्या. बाकी खोकी आठवडाभर पडून राहिली तरी चालतात, झोपायला जागा मात्र पहिल्या रात्री लागते. काच आणि यंत्रं पॅकर्ससमोरच उघडा. काही फुटलं असेल, नंबर कमी भरत असतील तर पावतीवर सही करण्याआधी तिथेच लिहा आणि त्या कागदाचा फोटो घ्या. ‘सामान ठीक मिळालं’ वर सही करून नंतर फोन केला तर तिकडून कोणी दाद देत नाही.

वस्तू वाहतुकीत हरवली किंवा फुटली आणि कंपनी टोलवाटोलवी करत असेल तर लेखी नोटीस द्या. २००७ च्या त्या कायद्यात दाव्याआधी अशी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, त्यामुळे ‘बघतो साहेब’ ऐकत सहा महिने घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तक्रार नोंदवली तरी पुष्कळ कंपन्या जाग्या होतात.

रिकामी खोकी सपाट करून ठेवा. अंदाजपत्रकात लिहून घेतलं असेल तर पॅकर्स आठवड्याने येऊन ती घेऊन जातात. नसेल तर रद्दीवाला पुठ्ठ्याचे पैसे देतो. तीन-चार चांगली, जाड खोकी मात्र नावासकट बाजूला ठेवा. अकरा महिन्यांचा करार असेल तर ती पुन्हा लागतील.